आठ फुटांचा बोर्ड सहा फुटांचा कसा होतो? डिझाइनवर मापं टाकण्याआधी हे वाचा

समजा, दुकानाचा नवा बोर्ड बनवायचाय. ८ फूट बाय ३ फूट. डिझाइन तयार झालं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फॅब्रिकेटरला गेलं. त्याला रंग आणि फॉन्टशी फारसं देणंघेणं नसतं, तो आकडे बघतो. चित्रावर जे माप लिहिलंय, त्यानुसार पाइप कापला जातो. आणि आखूड कापलेला पाइप पुन्हा लांब होत नाही.

त्यामुळे आकाराच्या बाजूला बाण काढून हाताने '८ फूट' टाइप करणं धोक्याचं. नंतर आकार बदलला, तरी टाइप केलेला आकडा तसाच राहतो. हे काम सॉफ्टवेअरकडून कसं करून घ्यायचं, ते समजून घेऊया.

इंकस्केपमध्ये माप कसं टाकायचं?

इंकस्केप हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात मापाचे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग 'मेझर टूल'चा. कीबोर्डवर एम दाबा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माउस ओढा. लांबी आणि कोन लगेच दिसतात. वरच्या पट्टीतलं 'मार्क डायमेन्शन' बटण दाबलं की बाण आणि आकडा चित्रात कायमचा उमटतो. पण हा आकडा स्थिर असतो. आकार बदललात, तर जुना आकडा काढून नवा टाकावा लागतो.

दुसरा मार्ग 'मेझर सेगमेंट्स'चा. २०२० मध्ये आलेल्या १.० आवृत्तीपासून ही सोय आहे. आकार निवडा, 'पाथ' मेन्यूतून 'पाथ इफेक्ट्स' उघडा आणि यादीतून 'मेझर सेगमेंट्स' घ्या. प्रत्येक बाजूचं माप आपोआप दिसतं आणि आकार बदलला की आकडाही बदलतो. एकक, दशांश किती दाखवायचे, कोणत्या बाजू वगळायच्या, हे सगळं तिथेच ठरवता येतं.

डिझाइन अजून बदलणार असेल, तर दुसरा मार्ग बरा. एखाद-दुसरंच माप दाखवायचं असेल, तर पहिला पुरेसा आहे.

कोरलड्रॉ आणि इलस्ट्रेटरमध्ये काय?

आपल्याकडच्या अनेक फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉ वापरतात. त्यात आडव्या-उभ्या, तिरक्या आणि कोनाच्या मापांसाठी वेगवेगळी डायमेन्शन टूल्स आहेत. माप आकाराच्या टोकांना जोडलं असेल आणि 'डायनॅमिक डायमेन्शनिंग' सुरू असेल, तर आकडा आकारासोबत बदलतो. इलस्ट्रेटरमध्ये मात्र खास 'डायमेन्शन टूल' २०२४ मध्ये आलं.

आकडा चुकतो कुठे?

टूल बरोबर वापरूनही माप चुकू शकतं. त्याची तीन मुख्य कारणं आहेत.

१. बॉर्डरची जाडी: इंकस्केपच्या वरच्या पट्टीत दिसणाऱ्या रुंदी-उंचीत, मूळ सेटिंगनुसार, बॉर्डरची जाडीही धरलेली असते. 'मेझर सेगमेंट्स' मात्र मूळ रेषेचं माप देतं. १०० मिमीच्या चौकोनाला २ मिमी बॉर्डर असेल, तर पट्टीत १०२ दिसतं आणि लेबलवर १००. प्रेफरन्सेसमध्ये 'जॉमेट्रिक बाउंडिंग बॉक्स' निवडला की दोन्ही आकडे जुळतात.

२. स्केल: ८ फूट म्हणजे २४३८.४ मिमी. सोयीसाठी चित्र १:१० मध्ये काढलं, तर स्क्रीनवर ते २४३.८४ मिमी होईल. अशा वेळी 'मेझर सेगमेंट्स'मधलं स्केल १० करा, मेझर टूलमधलं १००० टक्के. मग लेबलवर खरं माप येतं. एक लक्षात ठेवा, या स्केलवर १ मिमीची चूक प्रत्यक्षात १ सेंटीमीटरची होते.

३. फाइलची अदलाबदल: एसव्हीजी फाइलमध्ये मापं अनेकदा पिक्सेलमध्ये असतात. एका इंचात किती पिक्सेल, हे मात्र सगळीकडे सारखं नसतं. इंकस्केप ९६ धरतं, इलस्ट्रेटर ७२. त्यामुळे इलस्ट्रेटरमधून आलेली एसव्हीजी इंकस्केपमध्ये ७५ टक्के आकाराची दिसू शकते. ८ फुटांचा बोर्ड थेट ६ फुटांचा!

२०१७ मध्ये आलेल्या ०.९२ आवृत्तीच्या आधी इंकस्केपही ९० धरत असे. म्हणून जुनी फाइल उघडताना येणारी सूचना वाचा. न वाचता पुढे गेलात आणि आकार दुरुस्त झाला नाही, तर ८ फुटांचे साडेसात फूट होतात.

इथे सर्वात मोठी गोम ही की, अशा फाइलमध्ये आपोआप येणारं लेबलही आत्मविश्वासाने चुकीचंच माप दाखवतं. म्हणून बाहेरून आलेल्या फाइलमध्ये आधी एखादी माहीत असलेली बाजू मोजून बघा आणि मगच लेबलं टाका.

समोरच्याला वाचता येईल असं लिहा

भारतीय मानक ब्युरोच्या 'एसपी ४६' या मार्गदर्शिकेत अभियांत्रिकी रेखांकनाचे संकेत दिले आहेत. त्यातले काही आपल्यालाही उपयोगी आहेत:

- मापं शक्यतो आकाराच्या बाहेर लिहा.
- लहान माप आकाराजवळ, मोठं माप त्याच्या बाहेर.
- एकच माप दोनदा लिहू नका. एक बदललं आणि दुसरं राहिलं, तर घोळ होतो.
- सगळी मापं एकाच एककात असतील, तर ते एकदाच ठळक लिहा.

फाइल पाठवण्याआधी

मापं वेगळ्या लेयरवर ठेवा. लेझर किंवा प्लॉटरकडे फाइल देताना तो लेयर काढून टाका, नाहीतर मशीन बाण आणि आकडेही कापू शकतं. फॅब्रिकेटरला मात्र मापांसकट पीडीएफ पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातले बारीक आकडे पुसट होतात.

कागदावर खऱ्या आकाराचा नमुना काढणार असाल, तर कोपऱ्यात बरोबर १०० मिमीची एक रेष काढून ठेवा. प्रिंट काढताना 'फिट टू पेज'ऐवजी 'अ‍ॅक्च्युअल साइज' निवडा. कागद हातात आला की त्या रेषेवर पट्टी ठेवा. १०० भरले, तर पुढचं काम सुरू करायला हरकत नाही.