अंतुले सिमेंट प्रकरण

महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये पद सोडायला लावणारे प्रकरण. तेव्हा सिमेंट नियंत्रित होते. घराला गिलावा करायचा तरी परमिटासाठी खेटे घालावे लागत. नाही मिळाले, तर काळा बाजार होताच. त्यामुळे हा घोटाळा कोणाला समजावून सांगावा लागला नाही. पोत्यासाठी ताटकळलेल्या माणसाला तो ऐकताक्षणी कळला.

३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अरुण शौरी यांचा वृत्तान्त छापला. लेखक-कलावंतांना साहाय्य करण्याच्या उद्देशाने काढलेल्या ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ला बिल्डर देणग्या देतात आणि त्यांना सिमेंटचा कोटा मिळतो, असा त्याचा आशय. प्रतिष्ठानाला पंतप्रधानांचे नाव असल्याने संसदेतही गदारोळ झाला. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ च्या निकालात देणग्या व सिमेंटवाटप यांची सांगड मान्य केली. बातमीवर न्यायालयाची मोहोर उमटली, हे या प्रकरणाचे खरे वेगळेपण. एरवी असे आरोप ‘विरोधकांचे कारस्थान’ या खात्यावर जमा होतात.

रामदास नायक यांनी अंतुल्यांविरुद्ध केलेल्या फिर्यादीवरील खटला मात्र वर्षानुवर्षे चालला. तो उच्च न्यायालयाकडे सोपवण्याचा आपलाच आदेश सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८८ मध्ये बहुमताने रद्द केला.

लोकांचा विश्वास सगळीकडे सारखा उडाला नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याची निर्मिती ही याच मुख्यमंत्र्याची कामे. १९८९, १९९१ आणि १९९६ मध्ये कोकणातल्या कुलाबा मतदारसंघाने अंतुल्यांना लोकसभेवर पाठवले. पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. शहरी वाचकाने त्यांना ‘सिमेंट’ म्हणून लक्षात ठेवले, कोकणातल्या अनेकांनी ‘आपला माणूस’ म्हणून.

पत्रकारांच्या वाट्याला आलेला मानही निखळ नव्हता. शौरींना १९८२ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ‘एक्स्प्रेस’मधून बाहेरही पडावे लागले. नंतर ते भाजपमध्ये गेले, वाजपेयी सरकारात मंत्री झाले. मग अंतुल्यांच्या बाजूच्या माणसाला जुन्या बातमीतही राजकारण शोधायला निमित्त मिळाले. बातमीतला मजकूर तोच होता, आणि लेंटिन यांचा निकालही.