वाडा आणि दफ्तर



इंग्लंडच्या ग्रामीण भागात ‘मॅनर हाऊस’ नावाची जुनी घरे आहेत. गावचा जमीनदार तेथे राहत असे. त्याच घराच्या मोठ्या दालनात कुळांचे तंटे निवाड्यास येत आणि जमिनीचे हस्तांतर वहीत नोंदले जाई. डर्बीशायरमधील हॅडन हॉल हे त्यांतील एक प्रख्यात घर. दोन चौक आणि त्यांच्या मधोमध चौदाव्या शतकातील दालन, ही त्याची मांडणी पाहिली की मला आपल्याकडील वाड्यांचे स्मरण होते.

वाईनजीक कृष्णाकाठी नाना फडणिसांचा मेणवलीचा वाडा आहे. १७६८ मध्ये हे गाव नानांना इनाम मिळाले आणि त्यांनी तेथे वाडा, घाट व देवालये उभारली. वाड्यास सहा चौक. बाहेर जाड भिंती, आत सागवानी खांब आणि तुळया. जगाकडे पाठ व चौकाकडे तोंड अशी ही रचना. उजेड आणि वारा चौकातूनच घरात येतो. काही भिंतींवर चित्रे आहेत. घाटावर वसईच्या १७३९ च्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूसह मेरीची आकृती आहे, आणि ती शिवालयाजवळ नांदते आहे! तथापि माझ्या मते मेणवलीचे खरे वैभव तेथील दफ्तर होय. द. ब. पारसनीस यांनी ते अभ्यासकांपुढे आणले आणि उत्तर पेशवाईच्या इतिहासाला भक्कम आधार लाभला.

इंग्लंडात १९२६ च्या आरंभी कुळांची मॅनरच्या बंधनांत अडकलेली जुनी जमीनधारणा कायद्याने संपली. परंतु त्याच सुमारास त्या जुन्या वह्यांना कायद्याचे संरक्षण मिळून त्यांची सूची होऊ लागली. हैदराबाद संस्थानातील जहागिरी १९४९ मध्ये खालसा झाल्या. ते योग्यच झाले. मात्र घरोघरच्या दफ्तरांची चिंता फारशी कोणी वाहिली नाही. वऱ्हाड-मराठवाड्यात तर कित्येक गढ्यांची पांढरी माती गावकऱ्यांनी बांधकामासाठी उचलून नेली.

जैनथला दगडाने तारले. परमार जगद्देवाच्या काळातील येथील शिलालेखामुळे, लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे देवालय बांधविले, हे सुमारे नऊशे वर्षांनंतरही आपणांस ठाऊक आहे. गढीच्या मातीवर असा लेख सहसा नसतो; तिची हकीकत माळ्यावरच्या मोडी कागदांत असते. ज्यांच्या घरी असे रुमाल असतील त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन करू नयेत, आणि या शाळेच्या वाचनालयाने त्यांच्या प्रतींसाठी एक कपाट राखावे, अशी माझी नम्र विनंती आहे.