सकर्मक-अकर्मक : एका भेदाचा इतिहास

सहलीहून परतलेले मूल उंबरठ्यावरूनच सांगते, ‘वी एन्जॉइड!’ आईबापांना कौतुक वाटते. वर्गात मात्र ते वाक्य तांबड्या शाईने खोडले जाते. पुढे तेच मूल ‘वी डिस्कस्ड अबाउट द पिकनिक’ असे लिहिते आणि पुन्हा खोडाखोड होते. पहिल्या वाक्यात कर्म राहून गेले. दुसऱ्यात ‘अबाउट’ हे शब्दयोगी अव्यय नको असताना आले. दोन्ही चुकांचे मूळ आपल्या मराठीत आहे. आपण ‘मजा केली’ म्हणतो तेव्हा ‘मजा’ हेच कर्म असते. ‘सहलीविषयी चर्चा केली’ म्हणतो तेव्हा ‘विषयी’ हवेच असते. मूल इंग्रजी शब्दांनी मराठी वाक्य रचीत असते. त्याला दोष देण्यापूर्वी या सकर्मक-अकर्मक भेदाचा इतिहास पाहणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्याकडे हा भेद फार जुना. ख्रिस्तपूर्व काळातील पाणिनीच्या ‘अष्टाध्यायी’त ‘अकर्मक’ ही संज्ञा आढळते. क्रियेला कर्म आहे की नाही, एवढाच तिचा प्रश्न. युरोपात इ. स. 500 च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे लॅटिन शिकविणाऱ्या प्रिशियनने निराळी कल्पना मांडली : क्रिया एकाकडून दुसऱ्याकडे ओलांडून जाते. लॅटिनमधील ‘ओलांडणे’ या अर्थाच्या शब्दावरूनच ‘ट्रान्झिटिव्ह’ हे नाव आले.

इंग्रजीला स्वतःचे व्याकरण बरेच उशिरा लाभले. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आले, तेव्हा त्यांच्या मातृभाषेचे छापील व्याकरण इंग्लंडातही नव्हते. विल्यम बुलोकर यांचे पहिले पुस्तक निघाले 1586 साली. पुढे रॉबर्ट लोथ यांनी 1762 साली आणि लिंडली मरी यांनी 1795 साली लिहिलेली व्याकरणे घरोघरी पोहोचली. या दोघांनीही लॅटिनच्या वळणाने क्रियापदांचे कर्तरी, कर्मणी आणि ‘न्यूटर’, म्हणजे धड ना हे धड ना ते, असे तीन वर्ग केले. कर्तरीचेच दुसरे नाव ‘ट्रान्झिटिव्ह’. कपडे लॅटिनचे, अंग इंग्रजीचे. मापे कशी जुळावीत?

कारण इंग्रजीचा स्वतःचा इतिहास वेगळा होता. जुन्या इंग्रजीत अकर्मक धातूपासून सकर्मक धातू घडविण्याची रीत होती. ‘सिट’ म्हणजे बसणे, ‘सेट’ म्हणजे बसविणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे, झाड तोडताना करतात तसे, पाडणे. आपले पडणे-पाडणे, मरणे-मारणे हे जोड आठवावेत. हे साम्य केवळ योगायोगाचे नव्हे. संस्कृतातील ‘पातयति’सारखी प्रयोजक रूपे आणि इंग्रजीतील हे जोड एकाच प्राचीन भाषाकुळाच्या वारशातून आले आहेत.

पुढे 1066 च्या नॉर्मन विजयाच्या आगेमागे आणि नंतरच्या काही शतकांत इंग्रजीचे बहुतेक प्रत्यय झडून गेले. जुन्या जोडांपैकी थोडेच उरले आणि उरले तेही गोंधळात टाकू लागले. ‘लाय’ म्हणजे पडून असणे आणि ‘ले’ म्हणजे ठेवणे; परंतु ‘लाय’चे भूतकाळी रूपही ‘ले’च! इंग्रजी मातृभाषा असणारेही येथे हमखास घसरतात. इतरत्र एकच रूप दोन्ही कामे करू लागले. फुलदाणी ‘ब्रोक’ आणि मुलाने फुलदाणी ‘ब्रोक’. फुटणे कोणते आणि फोडणे कोणते, हे केवळ शब्दांच्या क्रमावरून ओळखावयाचे.

मराठीने मात्र ही खूण जपली. ‘मुलगा पडला’, पण ‘मुलाने आंबा खाल्ला’. थोडे अपवाद सोडल्यास भूतकाळात सकर्मक क्रियापद येताच कर्त्याला ‘ने’ लागतो आणि क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. आपल्या घरातील न शिकलेली आजीदेखील हा भेद क्षणोक्षणी अचूक पाळते. ‘दार उघडले’ यासारखी दोन्हीकडे चालणारी क्रियापदे आपल्याकडेही आहेत. त्यांना आपण उभयविध म्हणतो. तेव्हा इंग्रजीतील ‘ओपन’ किंवा ‘ब्रेक’ मुलाला परके वाटण्याचे कारण नाही.

म्हणून शब्दावर सकर्मक वा अकर्मक असा शिक्का कायमचा मारून तो पाठ करविण्यात अर्थ नाही. तो शब्द त्या वाक्यात काय काम करतो, हे पाहावयास शिकवावे. ‘वी एन्जॉइड’ म्हणणाऱ्या मुलाला आपण मायेने विचारावे, ‘बाळा, कशाची मजा घेतली?’ ते उत्तरेल, ‘समुद्राची.’ तेच हरवलेले कर्म. ते वाक्यात घातले की इंग्रजीही सुधारेल. आणि घरची मराठी ही इंग्रजीच्या वाटेतील धोंड नसून पायरी आहे, हे त्याला आणि आपल्यालाही कळेल.