विमान-कर्मचारी प्रवास सवलत

विमान कंपनीचे कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय यांना अल्प भाड्यात, बहुधा आसन रिकामे राहिल्यासच, मिळणारा प्रवासाचा लाभ. विमानाने उड्डाण केले की रिकाम्या आसनाचे मूल्य नाहीसे होते आणि त्यावर एक माणूस जादा नेण्यास कंपनीला फारच थोडा खर्च येतो. या सवलतीचा आर्थिक पाया हाच होय.

भारतात रेल्वे कर्मचाऱ्यांना पास देण्याची पद्धत विमानवाहतुकीपूर्वीच रूढ होती. टाटांची विमानसेवा १९३२ मध्ये सुरू झाली. अजिंठा तेव्हा हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाच्या व टाटांच्या भागीदारीतून पुढे डेक्कन एअरवेज ही कंपनी निघाली. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात तिच्यासह आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. १९६२ च्या आयकर नियमांतील तरतुदीने विमान कंपनी व रेल्वे यांच्या कर्मचाऱ्यांचा असा प्रवास करपात्र लाभांतून वगळला.

सवलतीची तिकिटे दोन प्रकारची असतात : निश्चित आसनाची व आसन उपलब्ध असल्यासच ग्राह्य धरली जाणारी. दुसऱ्या प्रकारात पूर्ण भाडे भरणाऱ्या प्रवाशांना प्रथम जागा मिळते. उरलेली आसने प्रतीक्षायादीतील कर्मचाऱ्यांना सेवाज्येष्ठतेनुसार किंवा नोंदणीच्या वेळेनुसार देतात. अन्य कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचा क्रम सामान्यतः त्यानंतर लागतो. कंपन्यांमधील परस्पर करारांनुसार भाड्यात ५०, ७५ वा ९० टक्के सूट मिळे. पुढे अंतराच्या टप्प्यांवर आधारित ठराविक भाड्याची पद्धतही प्रचारात आली. कर व विमानतळ शुल्क प्रवाशास भरावे लागते.

या पद्धतीतील अनिश्चितता लहान विमानतळावर विशेष जाणवते. अजिंठ्याची लेणी पाहण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) चिकलठाणा विमानतळावर उतरून सु. १०० किमी. रस्त्याने जावे लागते. परतीचे विमान भरलेले निघाल्यास येथून पर्यायी उड्डाणे थोडीच असतात. मग कर्मचाऱ्याच्या कुटुंबास मुक्काम वाढवावा लागतो किंवा पूर्ण भाड्याने रेल्वे वा बस गाठावी लागते. जागा न मिळाल्याबद्दल त्यास नुकसानभरपाई मागता येत नाही.

ही सवलत नोकरीशी निगडित असते. औरंगाबादलाही विमाने नेणाऱ्या जेट एअरवेजची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली, तेव्हा तिच्या विमानांतील सवलतीही संपल्या. रिकाम्या आसनावर उभारलेला हा लाभ कंपनीची विमाने उडत असेपर्यंतच टिकतो.