पावाचं यीस्ट, माणसाची जखम

मधुमेह असलेल्या कुणाच्या घरी विचारा, पायाला चप्पल चावली तरी किती धास्ती असते ते. साधा फोड, पण महिनोन्‌महिने भरत नाही. काहींवर पाय कापायची वेळ येते. आज अशा जखमेवरच्या एका औषधाची गोष्ट ऐकूया. हे औषध बनतं यीस्टमध्ये. हो, पाव फुगवणारं तेच यीस्ट!

सुरुवात करू १९७४ पासून. अमेरिकेत सिअ‍ॅटलमध्ये रसेल रॉस आणि त्यांचे सहकारी माकडाच्या धमनीतल्या स्नायूपेशी काचेच्या भांड्यात वाढवत होते. अशा पेशींना खाद्य म्हणून सीरम देतात. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव. रॉस यांच्या लक्षात आलं, की सीरम दिलं की पेशी भराभर वाढतात. पण प्लेटलेट्स आधीच काढून टाकलेल्या रक्तापासून सीरम बनवलं, तर त्या जवळजवळ वाढतच नाहीत. मग फरक कशाचा? प्लेटलेट्सचा! रक्त गोठताना त्या काहीतरी सोडतात आणि ते पेशींना सांगतं, 'वाढा'. विचार करा, जखम झाली की प्लेटलेट्स सगळ्यात आधी तिथेच तर जमतात.

या प्रथिनाला पुढे नाव मिळालं पीडीजीएफ, म्हणजे प्लेटलेटमधून मिळणारा वाढघटक. पण रक्तपेढीतल्या मुदत संपलेल्या प्लेटलेट्समधून ते गाळून काढायचं, तर हाती येणार चिमूटभर. औषध कसं करणार?

इथे यीस्ट आलं. माणसाचं जनुक जिवाणूतही घालता येतं, पण अशा प्रथिनांच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी जोडलेल्या असतात आणि जिवाणूच्या पोटात ते बंध नीट जुळत नाहीत. यीस्ट आपल्यासारखंच केंद्रक असलेलं. प्रथिनाची घडी घालून ते बाहेर सोडायची यंत्रणा त्याच्याकडे आहे. यीस्टच्या पेशी जोडीदाराला बोलवायला 'अल्फा फॅक्टर' नावाचं प्रथिन सोडतात. त्याच्या पुढच्या टोकाला जणू पाकिटावरचा पत्ता असतो: 'बाहेर पाठवा'. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कायरॉन कंपनीच्या संशोधकांनी हा पत्ता ईजीएफ या दुसऱ्या मानवी वाढघटकाला जोडला, आणि यीस्टनं तो चक्क बाहेरच्या द्रवात सोडला. ईजीएफ मुळात उंदराच्या लाळग्रंथीत शोधला होता स्टॅन्ली कोहेन यांनी. त्यांना १९८६ चं नोबेल मिळालं, रिटा लेव्ही-मॉन्टालचिनी यांच्यासोबत.

पीडीजीएफचंही यीस्टमध्ये उत्पादन झालं. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकानं बेकाप्लर्मिन या जेलला मान्यता दिली, मधुमेही पायाच्या जखमेसाठी. चमत्कार झाला का? नाही. ३८२ रुग्णांच्या एका चाचणीत २० आठवड्यांत जेल लावलेल्या ५० टक्के लोकांची जखम पूर्ण भरली. औषध नसलेलं जेल लावलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. पण ज्याचा पाय वाचला, त्याच्यासाठी हा फरक छोटा नाही.

आता गोष्टीची दुसरी बाजू. १९८३ मध्येच दोन गटांनी दाखवलं होतं, की पीडीजीएफ माकडात कर्करोग करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी मिळतंजुळतं आहे. म्हणजे जखम भरताना 'वाढा' सांगणारा निरोप थांबलाच नाही, तर गाठ होऊ शकते. म्हणूनच २००८ मध्ये या जेलवर कर्करोगाचा ठळक इशारा छापला गेला. पुढच्या अभ्यासांनंतर २०१८ मध्ये तो काढला.

मंडळी, मला यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. वाढ घडवणं तसं सोपं. कुठे, किती आणि कधीपर्यंत, हे सांगणं अवघड. यीस्ट निरोप लिहून देतं, पण तो नेमका कुणाला द्यायचा, हे शेवटी आपल्यालाच ठरवायचं असतं.

पुढच्या भागात भेटू. तोवर घरातल्या मधुमेही माणसाचे पाय रोज एकदा बघा.