खंड फाँट: कमी जागेत ठळक मराठी

खंड हा अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा देवनागरी-रोमन फाँट. २०१४ पासून खुल्या परवान्यावर गूगल फाँट्सवर मोफत मिळतो. लाइट ते बोल्ड अशी पाच वजनं आहेत, पण खरा कामाचा बोल्डच.

गरज कशी पडते बघा. २०२३ मध्ये 'औरंगाबाद'चं 'छत्रपती संभाजीनगर' झालं. पाच अक्षरांच्या जागी दहा, पाटी मात्र तेवढीच. त्यात दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत, हा राज्याचा नियम. मग बरेच जण कोरल ड्रॉमध्ये साधाच फाँट दोन्ही बाजूंनी दाबतात. अशानं उभ्या रेषा बारीक होतात आणि शिरोरेषा तेवढीच जाड राहते. गुलमंडीत एक चक्कर मारा, अशी पाटी सापडेलच.

खंडमध्ये अक्षर मुळातच अरुंद काढलंय. उभ्या-आडव्या रेषांची जाडी जवळपास सारखी, अक्षरांच्या पोटातली जागा मोकळी. त्यामुळे बोल्डमध्येही अक्षराचा गोळा होत नाही.

वेबवर लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवा, वाढवलं की शिरोरेषा तुटते. लाइन-हाइट फार कमी केली तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. लांब मजकुराला खंड नको, तिथे मुक्ता बरा. आणि श्रीलिपीत टाइप केलेला जुना मजकूर असेल तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर फाँट लावल्यावर भलतीच चिन्हं दिसतील.