टोळ, जवस आणि डालडा : जुन्या चांद्याच्या तेलाचा इतिहास

आजच्या धाग्यात राजे नाहीत, लढायाही नाहीत. फोडणीचे तेल आहे. ‘आदिवासी मोहाचे तेल खात, म्हणून त्यांना मधुमेह नव्हता’ असे विधान आपण कधी ना कधी वाचले असेल. त्याची परीक्षा करायची तर जुन्या चांदा जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात शिरावे लागते. आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्यात होते.

या मुलखाची दोन तेले : जंगलातले टोळीचे आणि शेतातले जवसाचे. टोळ म्हणजे मोहाचे बी. त्याचे तेल थंडीत तुपासारखे थिजते, कारण त्यात जवळजवळ निम्मा मेद संपृक्त असतो. जवसाचे तेल याच्या अगदी उलट. त्यातील निम्म्याहून अधिक भाग एकट्या ओमेगा-३ प्रकारच्या असंपृक्त आम्लाचा. ते थिजत नाही, पण हवेतल्या प्राणवायूने लवकर खवट होते आणि पातळ थरात पसरले तर वाळून कडक होते.

नेमका हाच गुण युरोपला हवा होता. रंग, व्हार्निश आणि लिनोलियमसाठी तिकडे जवसाला मोठी मागणी होती. १८७० च्या दशकात रेल्वे वरोऱ्यापर्यंत आली आणि मध्य प्रांताचे जवस मुंबई बंदराकडे जाऊ लागले. जे बी येथे घाण्यावर चढत असे, ते साहेबाच्या दारे-खिडक्यांच्या रंगात मुरले!

आता लंडनला जाऊ. १९३६ मध्ये हॅरल्ड हिम्सवर्थ या डॉक्टराने मधुमेही रुग्णांना साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी देऊन पाहिले. काहींची रक्तशर्करा आटोक्यात राहिली, काहींची चढतच गेली. दुसऱ्या गटाच्या शरीरात इन्सुलिन होते, पण शरीर त्याला दाद देत नव्हते. ‘इन्सुलिन-संवेदनशीलता’ ही कल्पना येथून रुजली. आहारातील मेदाचा या संवेदनशीलतेशी संबंध असावा, असे हिम्सवर्थचे मत होते.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, भारतात ‘डालडा’ बाजारात आला. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी शोधलेल्या हायड्रोजनीकरणातून पातळ तेल तुपासारखे घट्ट करता येऊ लागले होते. अर्धवट हायड्रोजनीकरणात मात्र ट्रान्स मेद तयार होतो. पिवळा डबा लग्नाच्या पंगतीपासून तुळशीच्या कुंडीपर्यंत पोहोचला. खाद्यतेलातील ट्रान्स मेदाची कायदेशीर मर्यादा २ टक्क्यांवर यायला मात्र जानेवारी २०२२ उजाडले.

तेल स्वतः रक्तातील साखर फारशी वाढवत नाही. त्याचा परिणाम सावकाश होतो : स्नायू आणि यकृताच्या पेशींत मेदाचे काही घटक साचले की इन्सुलिनचा निरोप आत नीट पोहोचत नाही. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६२ निरोगी व्यक्तींना तीन महिने ठरवून दिलेला आहार देण्यात आला. संपृक्त मेद अधिक असलेल्या गटाची संवेदनशीलता सुमारे १० टक्क्यांनी घटली, एकल असंपृक्त मेद खाणाऱ्यांची घटली नाही. पण एकूण ऊर्जेपैकी ३७ टक्क्यांहून अधिक ऊर्जा मेदातून घेणाऱ्यांत हा फरकच उरला नाही. २०१६ मध्ये १०२ नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जवसासारख्या बहु-असंपृक्त मेदाचा लाभ सर्वांत सुसंगत दिसला.

म्हणजे मोहाच्या तेलाला मधुमेहावरचे कवच ठरवता येत नाही. रसायनाच्या हिशेबात ते पामतेलाचे जवळचे भाऊबंद आहे. माझ्या मते खरा फरक प्रमाणात होता. टोळ वेचणे, फोडणे, वाळवणे, वाफवून दाबणे एवढ्या कष्टांनी मिळालेले तेल कढईभर ओतले जात नाही. आणि हे तेल खाणारी माणसे दिवसभर पायी जंगल तुडवत असत, हेही त्या विधानात कुणी लिहीत नाही.

आयात पामोलिन रेशनच्या दुकानांतून देशभर पोहोचले. १९९४ मध्ये त्याची आयात खुली झाली. टोळ आजही वेचली जाते. बरीचशी व्यापाऱ्यामार्फत साबणाच्या कारखान्याकडे जाते आणि तिच्या पैशातून तेलाची पिशवी घरी येते. त्या पिशवीत पामतेल असेल, तर ताटातला मेद जवळपास तोच राहतो. मात्र तो आता विकत घ्यावा लागतो आणि हवा तेवढा मिळतो.